एकशिपी

वजनकाटे दुरुस्त करतो मी. गाव जालन्याकडचं,
समुद्र म्हणजे औषधाच्या दुकानातल्या कॅलेंडरवरचा निळा चौकोन.
फेब्रुवारीत काजूच्या कारखान्यांचं काम निघालं
म्हणून खानापुरात उतरलो, तिथून जांबोटीला,
हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन, पाट्या बघत.
कन्नड मला वाचता येत नाही,
मराठी कुठे खडूने लिहिलेली,
कुठे नुसती दुकानदाराच्या तोंडात.

दुपारी दीडला आवडाक्काच्या खानावळीत
दाराजवळचा अर्धा बाक मिळाला.
"सकाळी चोर्ल्यावरून टेम्पो आलाय," ती म्हणाली,
"एकशिपी केलीय. खाणार न्हवं?"

मी विचारलं, काटे फार असतात का?
धरणातल्या रोहूचा एक काटा
सातवीत असताना घशात रुतला होता,
कोरड्या भाताच्या अकराव्या घासाला सुटला.
तेव्हापासून मासा दिसला की
मी आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढतो.

"ह्यात काटा नसतोय ओ."
शेजारी ट्रकवाला मल्लाप्पा,
माझ्या पेटीवरचं नाव त्याने आधीच वाचलेलं,
भात कालवता कालवता म्हणाला,
"मग ह्यांचं काय काम हितं?"
सगळी खानावळ हसली.
मीसुद्धा, जरा उशिराने.

ताट आलं.
ओल्या खोबऱ्यात, तिरफळाच्या वासात
अर्धे अर्धे शिंपले, आणि प्रत्येकात
करंगळीच्या नखाएवढा पिवळट जीव,
कुणी पत्ता विचारलाय आणि आठवत नाहीये
असा अंग चोरून बसलेला.

मी चमचा मागितला.
"चमच्यातच तर वाढलंय," आक्का म्हणाली.
"काय बघूलाय? तोंडाला लावा, वढा."

शिंपला ओठांशी नेला आणि थबकलो.
ही कड माझ्या ओळखीची होती.
आमच्याकडे नदीतला शिंपला घरात ठेवतात,
एक कैऱ्या सोलायला, पाठीला भोक पाडलेला,
आणि एक कापडात गुंडाळून, फळीवर, वेगळा,
तान्ह्या पोराला दूध पाजायला.
त्याच्या आत कधी कुणी राहत असेल
असं आमच्या घरात कुणाच्या मनात आलं नाही.

ओढलं.
आधी खोबरं, मग आंबट, मग ते तिरफळ
जीभ बधिर करणारं,
आणि शेवटी, सगळं संपल्यावर,
एक खारट काहीतरी, रडून झाल्यावर
ओठाच्या कोपऱ्यात उरतं तसं.
तिसऱ्या घासाला दाताखाली वाळू कचकली.
"तेवढा समुद्र फुकट," मल्लाप्पा म्हणाला.

चाळीसेक टरफलं ताटाच्या कडेला साचली.
हात आपोआप हिशेब करू लागले :
माल किती, वेष्टण किती.
आक्काला म्हटलं, तुमचा काटा दाखवा, तपासून देतो,
जेवणाच्या बदल्यात.
तिच्याकडे काटाच नव्हता.
तिसऱ्या वाट्यावर घेतात म्हणे.
मासेवाली ढीग मांडते, ही कुरकुरते,
ती आणखी एक मूठ टाकते, आणि व्यवहार होतो.

"पण हिला आधी दोन पारडी असतात,"
मी एक टरफल उलटंपालटं करत म्हणालो,
"बिजागरीवर. दुसरं कुठे गेलं?"
"उकडली की उघडते. रिकामं ते टाकायचं,
जिवाचं ठेवायचं. म्हणून तर एकशिपी."
आणि ती कुणाला तरी कन्नडमध्ये ओरडली,
बहुधा सोलकढीबद्दल.

निघताना एक शिंपला खिशात टाकला.

गुरुवारी निपाणीत, तंबाखूच्या वखारीत,
वजनांची पेटी उघडली
तर पन्नास आणि शंभर ग्रॅमच्या मधल्या खाचेतून
असा वास सुटला
की तंबाखूत जन्म गेलेला दिवाणजी
नाकाला उपरणं लावून मागे सरला.
"हे कसलं माप?"

मी ते धुऊन आणलं, मोरीवर, दोनदा, राखेने.
पुन्हा त्याच खाचेत ठेवलं.
घरी बहिणीला दिवस गेलेत.
नदीत आता शिंपले सापडत नाहीत.